उंबरठ्यापर्यंत पुरणारी वायर

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावे, कारण माझा आवाज आता फार लांब जात नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती राजाराणीची नाही. एका आईची आणि तिच्या लेकीची आहे, आणि ती मी माझ्या या कानाने ऐकलेली आहे.

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, तोंडावर आकड्यांची गोल तबकडी असलेला. बोट घालून ती फिरवायची आणि सोडली की ती कुरकुरत आपल्या जागी परत यायची. माझे हल्लीचे नातू-पणतू लोकांच्या खिशात मावतात. मला कुणी खिशात घातले असते तर खिसाच फाटला असता!

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी रिसीव्हर कानाला लावला, हळूच फुंकर मारली आणि म्हणाल्या, "हा छान ऐकतो." देवाने प्रत्येकाच्या पदरात काही ना काही टाकलेले असते. माझ्या पदरात ऐकणे आले. स्वतःचे बोलणे मात्र आले नाही, ही रुखरुख मला जन्मभर राहिली.

ज्या घरात मी आलो तिथे दोघीच राहत. आई आणि तिची लेक. लेकीचा आवाज बारीक आणि गोड, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. वडील लवकर गेलेले, दादा नोकरीसाठी दूरच्या शहरात. जाण्याआधी दादाने मला मधल्या बोळात एका स्टुलावर बसवले आणि चांगली लांबलचक वायर जोडून दिली. स्वयंपाक करताकरता आईला बोलता यावे म्हणून. दुसऱ्या बाजूला ती थेट दाराच्या उंबरठ्यापर्यंत पुरायची. शेजारीपाजारी यायचे, बोलायचे आणि म्हणायचे, "काय खणखणीत फोन आहे हो तुमचा!" आई मला रोज पुसायची. माझे दिवस मजेत चालले होते.

चिमणी बालवाडीत शिकवायची. संध्याकाळी दादाचा फोन आला की मुलांच्या नकला करून दाखवायची. "दादा, आज एकीनं मला विचारलं, बाई, शाळा सुटली की तुम्ही कपाटात झोपता का?" दादा पलीकडे इतका हसायचा की माझी तार थरथरायची.

आणि एके दिवशी शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. चिमणीला वर्गातच कसेतरी झाले होते. छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेना. आपण आता मरणारच असे समजून ती खाली बसली. दवाखान्यात हृदय तपासले. ते ठणठणीत निघाले. पण मग तेच रस्त्यावर झाले, मग दुकानाच्या रांगेत. चिमणीने आधी शाळा सोडली, मग बाजार, मग जिना. शेजारचे शिंपीकाका तिला सदरे आणून देऊ लागले आणि ती घरात बसून काजे-बटणे करू लागली. काका दुकानातून फोन करायचे, "चिमणे, काजं झाली का? गिऱ्हाईक माझ्यासमोर उघड्या छातीनं बसलंय!" ती हसायची. पण मला ऐकू यायचे. त्या हसण्यात पूर्वीची चिमणी नव्हती.

घरच्या डॉक्टरांनी सांगितले होते, हा चिंतेचा आजार आहे, ताप येतो तसा येतो, आणि यावर उपचार आहेत. दादाने चौकशी करून मनाच्या उपचार केंद्राचा नंबर मिळवला. "पण फोन तुलाच करावा लागेल बरं का," तो म्हणाला. "ज्याचा त्यानं करायचा, असा त्यांचा नियम आहे."

मित्रांनो, एक नंबर फिरवायला कितीसे कष्ट? पण चिमणी शेवटच्या आकड्यापर्यंत यायची आणि रिसीव्हर ठेवून द्यायची. दिवसामागून दिवस असे गेले. एका दुपारी, आई झोपलेली असताना, तिने शेवटचा आकडाही फिरवला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "सध्या जागा नाही हो. पण तुमचं नाव लिहून घेते. जागा झाली की आम्हीच फोन करू."

चिमणी वाट बघू लागली. मधूनच येऊन मला उचलायची, कानाला लावायची. मी चालू आहे ना, एवढेच बघायला.

आणि फोन आला! चिमणी आत न्हाणीघरात होती. आईने घेतला. पलीकडच्या बाईंनी केंद्राचे नाव सांगितले आणि चिमणी आहे का, असे विचारले. आईच्या हाताला घाम सुटला, तो मला जाणवला. "राँग नंबर," आई म्हणाली आणि मला खाली ठेवले. काही दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो आला नाही.

तुम्ही आईला नावे ठेवाल. थांबा जरा. आईला एक धाकटी बहीण होती. तीही अशीच घाबरायची. तिला मोठ्या फाटकाच्या एका इस्पितळात नेऊन ठेवले. ती परत आली नाही, आणि घरात कुणी तिचे नावही काढले नाही. हे आईने एकदाच, दादाला, माझ्यातून सांगितले होते. ते फाटक आईच्या मनातून गेलेच नाही. लेकीला आपण वाचवतो आहोत, असेच तिला वाटत होते.

वर्षे गेली. दादा विचारायचा, "केंद्राचा फोन आला का गं?" चिमणी म्हणायची, "नाही." आणि आई आत भांड्यांचा आवाज मोठा करायची.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा फोन आला. "तुमच्या आई इथं घसरून पडल्यात. पाय हलत नाहीये. तुम्हालाच बोलावतायत, या लवकर!"

कोपरा तो केवढासा दूर! चिमणीने एक चप्पल पायात घातली. दाराशी गेली. परत आली. पुन्हा गेली. तिचा श्वास असा चालला होता की जणू कुणी दोर आवळतो आहे. शेवटी तिने शिंपीकाकांना फोन लावला. "काका, आई पडलीय. मला... मला जमत नाहीये हो."

"अगं, मी जातो की! दुकान काय पळून जातंय? तू रडू नकोस."

संध्याकाळी काकांनी आईला आणले. पायाला प्लॅस्टर. चिमणी माझ्या शेजारी जमिनीवर बसलेली, एका पायात अजून ती चप्पल तशीच. आईने पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?"

"आई, तू कोपऱ्यावर होतीस आणि मी आले नाही. मी कसली मुलगी!"

काका गेले. आई कशीबशी खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "फोन आला होता."

"कुठला?"

"तुझ्या त्या केंद्राचा. दोनदा. मीच म्हटलं, राँग नंबर."

चिमणी ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती बारीक आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, माझा आवाज ऐकूनच त्यांनी ठरवलं असेल, ही काही बरी होणारी नाही."

आईने मला मांडीवर ओढून घेतले. आकडे तिला नीट दिसेनात. चिमणीने तिला चष्मा आणून दिला आणि एकेक आकडा सांगितला. पलीकडून आवाज येताच आई म्हणाली, "बाई, फार मागे तुम्ही इथं फोन केला होता. मी राँग नंबर म्हटलं होतं. नंबर बरोबर होता. माझी मुलगी इथंच आहे."

उपचार माझ्यातूनच सुरू झाले. येता येत नाही तर फोनवर बोलू, असे समुपदेशक बाई म्हणाल्या. घरच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांना विचारून गोळ्याही सुरू केल्या. बाई सांगायच्या, "भीती चढते, तशी उतरते. उतरेपर्यंत थांबायचं. पळायचं नाही." पायात काटा रुतला तर आपण पायाला शिव्या देतो का? तसेच हे, असे त्या समजवायच्या. आधी बोळात उभे राहायचे. मग दाराशी. मग उंबरठ्यावर, मला कानाशी धरून.

एके दिवशी माझी वायर ताणून संपली. चिमणी उंबरठ्यावर होती. बाई म्हणाल्या, "आता फोन खाली ठेवा आणि जिना उतरून या. मी थांबते."

तिने मला आईच्या हातात दिले. आईने श्वास रोखला, मीही. पायऱ्यांवरची पावले खाली खाली गेली. थांबली. पुन्हा चालू लागली. कुणी आपल्याला सोडून जाताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

चिमणी बरी झाली. भीती अजूनही कधीमधी येते, पण ती तिला ओळखते. ती शाळेतही परतली, पण केस पांढरे घेऊन. जी मुले तिच्या हाताखाली शिकायची होती, ती मोठी होऊन निघून गेली होती. ती वर्षे आईला देवाकडेही परत मागता येईनात. शेवटपर्यंत ती रोज माझ्याजवळ बसायची आणि घंटा वाजली की म्हणायची, "चिमणे, तू घे गं. तुझाच असेल."

आई आता नाही. माझी तारही तोडली. चिमणीने मला तिच्या वर्गात खेळण्यांच्या फळीवर ठेवले आहे, म्हणून तर मित्रांनो, आपली ओळख झाली. परवा तुमच्यातल्या एकीने मला कानाला लावले, "राँग नंबर!" म्हणून ओरडली आणि धाडकन आपटले. चिमणीबाईंचा खडू फळ्यावर थांबला. मग त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आधी विचारून तरी बघ, कोण आहे ते."

एवढेच माझेही मागणे आहे. तुमच्या घरात कुणी घाबरत असेल, तर त्याला लपवू नका. त्याच्यासाठी फोन उचला. आणि कधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आईची आठवण ठेवा. भीती तिलाही होतीच. तिला मात्र कुणी कधी विचारले नाही.