आजच या

वृद्धाश्रमात तिला सगळे बैठकबाई म्हणत. तिथे नर्स होत्या, आया होत्या, स्वयंपाकघरात दोघीजणी होत्या, पण कोणाची जायची वेळ दिसू लागली की उशाशी बसायला तिलाच हाक यायची. इथलं एकही माणूस एकटं जाणार नाही, असं आश्रमाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलं होतं. छापलं कार्यालयाने, निभावलं तिने.

बसण्यातही कसब असतं. ओठ कापसाने ओले करायचे, खिडकी थोडी उघडी ठेवायची, उगाच बडबड करायची नाही. आणि हात धरायचा तो वरून नाही. आपला पंजा त्यांच्या पंजाखाली ठेवायचा, म्हणजे त्यांना सोडावासा वाटला की सोडता येतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या तिघांनीच शिकवलं म्हणा.

दुसरी एक गोष्ट तिला इतरांच्या आधी कळायची. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेलं माणूस एखाद्या सकाळी उठून बसतं, खायला मागतं, केस विंचरून घेतं, जुन्या भांडणांची चौकशी करतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. आश्रमातल्या बायका त्याला ‘उजेड’ म्हणत. उजेड पडला की चोवीस तासांत, फार तर दोन दिवसांत, माणूस जातं. म्हणून त्या दिवशी घरी फोन करायची पद्धत होती, आणि आवाज समजूतदार म्हणून फोन तिच्याच गळ्यात पडे. वाक्य ठरलेलं होतं. "आज त्यांना बरं वाटतंय, पण तुम्ही आजच या." पलीकडचा म्हणायचा, बरं वाटतंय ना, मग रविवारी येतो. ती म्हणायची, "रविवारी नको. आजच या." चार वर्षांत तिचा अंदाज एकदाच हुकला. ते आजोबा उजेडानंतर चांगले तीन महिने जगले आणि रोज सगळ्यांचा उद्धार करत राहिले.

एवढं कसब अंगात असलेल्या बाईला आश्रम किती पगार देत असेल? खोलीचं भाडं भागेल इतका. पोटासाठी आणि आईच्या औषधांसाठी तिला दुसरीकडे राबावं लागे. सकाळी सातपासून तीनपर्यंत आश्रम, चार ते नऊ एका मोठ्या हॉटेलची लॉन्ड्री. तिथे ती चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनवर उभी असे. सकाळी मरणाऱ्यांच्या चादरी नीट करायच्या आणि संध्याकाळी मजा करायला आलेल्यांच्या, असं ती स्वतःच हसून सांगायची.

वर्षाच्या सुरुवातीला तिने धीर करून व्यवस्थापक मॅडमना विचारलं होतं. जास्त काही नको, या एका नोकरीत दोन माणसांचं घर चालावं एवढंच द्या, म्हणजे दुसरी सोडता येईल, घरी आई आहे. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुम्ही जे करता ना, त्याचं मोल पैशात होणारच नाही." आता ज्याचं मोल पैशात होत नाही ते स्वस्तात घ्यायला सगळ्यांनाच बरं पडतं, हे मॅडमना सुचलं नाही आणि तिला बोलता आलं नाही. ती चहा पिऊन उठली. त्याच महिन्यात बागेत कारंजं बसलं.

आईला सगळं ठाऊक होतं. आई जिभेची तिखट. छातीचं दुखणं वाढून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा एकदा म्हणाली, "काय गं, एवढ्या परक्यांपाशी बसतेस, माझ्या वेळेला नंबर लागेल ना माझा?"

"तुझी वेळ यायला अवकाश आहे. आधी शेजाऱ्यांशी भांडणं मिटव."

"ती नाही मिटायची. पण तू बस हं. दुसरं कोणी नको मला."

"बसेन गं आई."

हे तिने हसत म्हटलं, पण मनातून शपथेसारखं म्हटलं. आयुष्यात तिला कोणाला काही देता आलं नव्हतं. बसणं तेवढं तिला येत होतं, आणि ते आईला द्यायचंच, एवढी एकच हौस तिने उराशी धरली होती.

त्या आठवड्यात आईने अन्नाला तोंड लावलं नाही. लॉन्ड्रीला दोन दिवस दांडी झाली. मुकादमाने निरोप पाठवला की तिसऱ्या दिवशी येणार नसलीस तर येऊच नकोस, दारात माणसं उभी आहेत. तो तिसरा दिवस तिच्या आश्रमातल्या साप्ताहिक सुट्टीचा होता.

सकाळी ती उठली, तर आई उशीला टेकून बसलेली.

"भूक लागलीये," आई म्हणाली. "अंडं उकड. आणि मिठाला हात आखडू नकोस, आजारी माणसाचं जेवण नकोय मला."

तिने अंडं उकडलं. आईने सगळं खाल्लं. मग केस विंचरून घेतले, आणि वीस वर्षांपूर्वी संबंध तुटलेल्या कुठल्याशा मावशीची चौकशी केली, ती अजून तशीच फुगून बसलीये का म्हणून. कंगवा हातात धरून ती आईच्या मागे उभी होती. दुसऱ्या कोणाची आई असती, तर एव्हाना तिने फोन उचलला असता.

मग ती स्वतःची समजूत घालू लागली. ते आजोबा नाही का तीन महिने जगले. ही तर त्यांच्याहून खमकी. अंडं पचलं, गालांवर रंग आला. शेजारच्या शिंपीणकाकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, केवढी बरी दिसतेय आज." ते वाक्य तिने हावऱ्यासारखं पकडून ठेवलं. दुपारभर मायलेकी गप्पा मारत बसल्या, आणि इतकं हसल्या की आईला ठसका लागला.

साडेतीनला तिने चपला पायात घातल्या, मग काढल्या, मग पुन्हा घातल्या. नोकरी गेली तर पुढच्या महिन्यात औषध कुठून आणायचं, आणि आई जगणारच असेल तर औषध लागणारच, असा तिचा हिशेब. आई जगण्याच्या बाजूने तिने पैज लावली, कारण दुसऱ्या बाजूने लावायची ऐपत नव्हती.

"जा गं," आई म्हणाली. "बरी आहे मी आज. आल्यावर बोलू."

"काकू बसतील तुझ्याजवळ."

"बसू देत. तू लवकर ये."

लॉन्ड्रीत आत जाताना फोन मुकादमाच्या कपाटात ठेवावा लागे. साडेपाचपासून तो वाजत होता. कामाच्या मधे कपाट उघडायची तिथे परवानगी नव्हती. साडेसातला चहाची सुट्टी झाली आणि तिने फोन पाहिला, तेव्हा शिंपीणकाकूंचे अकरा फोन येऊन गेले होते आणि मग यायचे थांबले होते.

ती घरी पोचली. काकू अजून आईचा हात धरून बसल्या होत्या, वरून, घट्ट, दोन्ही हातांनी. बिचाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"काही बोलली का?" तिने विचारलं.

काकूंना खोटं बोलता आलं असतं, पण त्या रडून रडून थकल्या होत्या. "सारखं दाराकडे बघत होती. विचारत होती, आली का, आली का. मी म्हटलं, निघालीये."

तिने काकूंची बोटं एकेक करून सोडवली आणि आपला पंजा आईच्या पंजाखाली ठेवला. त्याला आता काही अर्थ नव्हता. तरी ती सकाळपर्यंत तशीच बसून राहिली.

पाचव्या दिवशी ती आश्रमात कामाला गेली. मुकादमानेही सुतकाचे चार दिवस माफ केले होते. मॅडमनी तिला आत बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. खरोखर वाईट वाटलं होतं त्यांना.

"तुम्ही जवळ नव्हता म्हणे."

"नव्हते."

"असं कसं झालं हो? इतक्या जणांना तुम्ही इथून फोन केलेत, एकदा सोडून कधी चुकला नाहीत. तुमच्याच आईचं तुम्हाला कळलं नाही?"

तिने खाली बघितलं. चार दिवस हाच प्रश्न तिने स्वतःला विचारला होता आणि चार दिवस स्वतःशी खोटं बोलली होती. आता ते त्राण उरलं नव्हतं.

"कळलं होतं, मॅडम," ती म्हणाली. "सकाळीच कळलं होतं. थांबणं परवडलं नाही."

मॅडमनी खांद्यावरचा हात काढून घेतला. तो कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना. तिने दार ओढून घेतलं आणि ती कामाला लागली, कारण तीन वाजेपर्यंत सगळ्या खोल्या आवरायच्या होत्या आणि चारला लॉन्ड्री होती.