न फिरलेल्या तबकडीचा मान

मी तबकडी बोलतेय. काळ्यापांढऱ्या वळणांची, विजेवर गरगर फिरणारी. माझ्याकडे टक लावून बघितलं की माणूस संमोहित होतो, असं म्हणतात. माझं असं कौतुक कानावर पडलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ॲरिझोनातल्या डॉक्टर ऑरिन टटल यांनी मला टपालानं मागवलं होतं. राहत्या घरातच त्यांचा दवाखाना. खिडकीबाहेर निवडुंग, आत दोन जुन्या खुर्च्या आणि मधोमध मी. मी फिरायची, डॉक्टर हुकूम सोडायचे, "डोळे जड होताहेत. झोपा!" काहीजण झोपत. ज्यांना जमत नसे ते खाली मान घालून घरी जात, आणि मी आपली तोऱ्यात.

एकदा व्हर्ना हॅस्केल आली. चर्चच्या जेवणाला जो तो घरून एकेक पदार्थ करून नेतो. तिथं भर पंगतीत तिच्या घशात घास अडकला होता. तेव्हापासून चारचौघांत तिला घोटसुद्धा गिळवेना. आणि पोरीचं, लोरेटाचं, लग्न तोंडावर आलेलं.

"लग्नात उपाशी बसून तमाशा करू? त्यापेक्षा आजारी म्हणून घरीच पडते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला सुरू केलं. "घसा सैल पडतोय!"

"कुठला सैल, डॉक्टर! उलट आवळतोय." तिचे डोळे भरून आले. "मला मेलीला एवढंही जमत नाही."

डॉक्टर ओशाळले. त्यांनी माझं बटण बंद केलं. मला भारी राग आला.

"बरं, ते राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या पावाची सगळे तारीफ करतात. पीठ फुगतं कसं हो? हुकूम सोडता त्याला?"

व्हर्नाला हसू फुटलं. "काहीतरीच! हुकमानं फुगतं होय? फडकं झाकून उबेला ठेवायचं नि आपल्या कामाला लागायचं. सारखं बोट खुपसलं की बसलंच ते!"

"म्हणजे उबेला ठेवायचं..." डॉक्टरांचा आवाज संथ झाला. "बोट न खुपसता... आतल्या आत, त्याच्या त्याच्या वेळेनं सैल होऊ द्यायचं... आणि भट्टीतून काढल्यावर वास कसा येतो?"

ती सांगत राहिली. सांगता सांगता तिचे खांदे उतरले, पापण्या मिटल्या. डॉक्टरांनी आपल्या जेवणातला लोणी लावलेला पाव हळूच तिच्या हातात ठेवला. तिनं तुकडा तोडला, चावला, गिळला.

"कच्चा राहिलाय हो आतून," ती म्हणाली, आणि मग दचकून डोळे उघडले.

लग्नात तिनं सगळ्यांसोबत बसून केक खाल्ला. कशानं बरं वाटलं, असं लोकांनी विचारलं. नुसत्या गप्पांनी, असं सांगायची तिला लाज वाटली. "त्या तबकडीनं," ती म्हणाली. लोक मला बघायला येऊ लागले. डॉक्टर मात्र पुढे प्रत्येकाशी त्याच्या त्याच्या कामाचं बोलत बसायचे. मला त्यांनी पुन्हा कधी चालू केलं नाही.

आता डॉक्टर नाहीत. मी संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी: 'हिनं अनेकांना बरं केलं.'

परवा पिकल्या केसांची लोरेटा आली. पाटी वाचून म्हणाली, "आई शेवटी शेवटी सांगायची, ही तर बंद होती. त्या दोन खुर्च्या कुठायत?"

"मोडक्या होत्या बाई. टाकून दिल्या," रखवालदार म्हणाला.

तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं. काचेच्या पेटीत तोंड लपवायलाही जागा नसते. बाबांनो, एवढी पाटी काढा. आणि इथं दोन खुर्च्या आणून ठेवा, माझ्याकडे पाठ करून.