हात बदललेले भरीत

मित्रांनो, यावल तालुक्यातल्या एका घरात दारामागे उभा असतो तो मी, बाभळीचा जुना बत्ता. गाडीचे जू मोडले, त्यातून सुताराने मला घडवले. तेव्हापासून मी शालिग्रामभाऊंच्या हातात वांग्याचे भरीत ठेचतो.

आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, लाकडी डोणीत मिरची-लसणासोबत ठेचतात आणि एका घाण्यात हात बदलत नाहीत. हात बदलला की चव बदलते, असा गावाचा शोध आहे. प्रयोग कोणी केलेला नाही. भाऊ ठेचू लागले की लोक जेवणाआधीच वा वा करायचे. मला कोणी वा म्हणत नसे. असो.

दुसऱ्या लाटेत भाऊंना करोना झाला. ताप लवकर उतरला, दवाखान्यात राहावेही लागले नाही. गावाने त्यांना बरे जाहीर केले. पण महिने उलटले तरी जिना चढताना छाती धडधडे, धाप लागे. निदान सर्वांकडे तयार होते : वय झाले, गॅस झाला, मोबाइल फार पाहतो. चुलतभाऊ ललित म्हणाला, "भो, चंपाषष्ठीले भरीत ठेचून पाह्य. घामासंगे सारं निंघून जाईन."

चंपाषष्ठीला भाऊंनी मला उचलले. मित्रांनो, मूठ धरणाऱ्याची नाडी मला लाकडातून कळते. ती माझ्या ठोक्यांच्या कितीतरी पुढे पळत होती. ओठ पांढरे पडले. पण घाणा अर्धाच झाला होता, हात बदलायचा नव्हता. भाऊ डोणीवरच आडवे झाले.

"वांगे सांभाळा!" कोणीतरी ओरडले.

माणूस त्यांच्या बायकोने, कुंदाबाईंनी सांभाळला.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, इको केला. करोनानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. ताप उतरला म्हणजे आजार गेलाच असे नसते, त्या म्हणाल्या. औषधे, विश्रांती, मग हळूहळू चालणे. त्या सांगेपर्यंत जड काम बंद.

गावाने याला आळस म्हटले. "दिसायले तं ठणठणीत आहे," लोक ओट्यावर येऊन सांगत. एकदा कुंदाबाईंनी मला आणून त्यांच्यापुढे आपटले.

"चातुर्मासात आपण वांगं खात नाही. तवा हा बत्ता तेल पिऊन चार महिने कोपऱ्यात उभा ऱ्हातो. याले कोनी आळशी म्हणतं का? मंग माह्या माणसाचं काळीज काय बाभळीपेक्षा टणक आहे?"

ओटा रिकामा झाला. सभेत माझा उल्लेख प्रथमच झाला होता.

पुढे तपासणीत सूज ओसरलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी ठेचायची परवानगी दिली, पण दम लागण्याआधी थांबायच्या अटीवर. त्यांना भरीत आवडत असावे.

पुन्हा चंपाषष्ठी आली. काड्यांचा धूर निघाला, गाव जमले. भाऊ ठेचू लागले, नाडी माझ्या ठोक्याशी जुळून चालली. अर्ध्यावर तिने जरा वेग घेतला. भाऊ थांबले.

"भाऊ, हात बदलू नका," एकजण म्हणाला. "भरीत जाईन."

"भरीत गेलं तं जाऊ दे," भाऊ म्हणाले. "मले नाही जायाचं."

आणि मी कुंदाबाईंच्या मुठीत गेलो.

ललित बहिणीला आणायला दीपनगरला गेला होता, तो पंगतीलाच पोचला. तिसऱ्यांदा भरीत वाढून घेत म्हणाला, "याले म्हणतात एका हाताचं भरीत! शालिग्रामभाऊचा हात तो शालिग्रामभाऊचाच!"

पंगत हसू लागली ती पुऱ्या गार होईपर्यंत थांबेना. "अजून वाढू का भाऊजी?" कुंदाबाईंनी विचारले.

आता भाऊ रोज केळीच्या बागेपर्यंत चालत जातात आणि धाप न लागता परत येतात.

मित्रांनो, ताप उतरूनही घरात कोणाची छाती धडधडत असेल, तर त्याच्या हाती बत्ता देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. तो कामात मध्येच थांबला, तर आपली मूठ पुढे करा. चव बदलत नाही. दोन्ही हातांत मीच होतो.