गाडी लागणारी सत्यवती

सत्यवतीला गाडी लागायची. साधीसुधी नाही. मालवणच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीचा नुसता वास आला तरी तिच्या पोटात ढवळायला लागायचे. लग्न होऊन ती बांद्याहून मालवणात आली तेव्हा धुरीवाड्यातल्या माणसांनी नवरीचे तोंड पाहिले ते हिरवेगार. नवऱ्याच्या मावशीने सगळ्यांदेखत विचारलेही होते, "चेडवाक काय आजारबिजार आसा काय?"

तेव्हापासून माहेर तिला लांब झाले. माहेर म्हणजे तरी कोण, तर थोरली बहीण यशोदा. आई गेल्यावर यशोदानेच तिला न्हाऊमाखू घालून वाढवले होते. सत्यवतीला जाता येत नाही म्हणून चतुर्थी आटोपली की यशोदाच यायची, चार दिवस राहायची, आणि जाताना दरवेळी म्हणायची, "एकदा तरी ये गो. घरच्या पेरूक इतके पेरू धरतत, ते पाखरां खातत."

सत्यवतीचा नवरा गुरुदास बोटीवर इंजिनखान्यात होता. उभा जन्म तेलाच्या डब्यासोबत काढून तो घरी परतला, तो मुंबईहून एक जुनी विलायती मोटार स्वतः हाकत घेऊन आला. वाड्यातल्या लोकांना वाटले, आता हा टॅक्सी चालवणार. विचारणाऱ्याला गुरुदास सरळ सांगायचा, "टॅक्सी कसली? बायलेक माहेराक नेऊचा आसा."

हे ऐकून सत्यवतीला लाजही वाटली आणि आतून बरेही वाटले. पण पोटाला त्याचे काय? पहिल्याच खेपेला वाटेतले कट्टा गाव यायच्या आत तिने गाडी थांबवायला लावली, आणि रस्त्याकडेच्या काजूच्या झाडाखाली बसकण मारली ती उठेचना. शेवटी दोघे माघारी आली.

गुरुदास चिडला नाही. तो इंजिनातला माणूस. एखादी गोष्ट चालत नसली तर तिला काहीतरी उपाय असतो आणि तो कुठल्यातरी बंदरात विकत मिळतो, असा त्याचा पक्का समज. बोटीवरचे त्याचे दोस्त सुट्टीवर गावी येताना सिंगापूर-एडनहून काय काय आणून देऊ लागले. आधी आला रबरी पात्यांचा छोटा पंखा. तो काचेजवळ बसवला, तर सगळा पेट्रोलचा वास गोळा करून तो सत्यवतीच्या नाकावर सोडी. मग खिडक्यांना पडदे आले. पडद्यांनी आत असा अंधार झाला की तिला पहिल्या वळणावरच कसेसे झाले. मग आली विडी पेटवायची कळ.

"तुमी विडी तरी ओढतास?" सत्यवतीने विचारले.

"ओढूक नको. पण बऱ्या गाडयेत ता असता," गुरुदास म्हणाला.

शेवटी आला रेडिओ. गाणे ऐकताना माणसाचे पोटाकडे लक्ष राहत नाही, हे त्याला म्हणे बोटीवरच्या डॉक्टरने सांगितले होते. रेडिओ अर्धा वेळ खरखरायचा. त्या खरखरीतून मधेच बाईचा गोड आवाज यायचा आणि वळण आले की पुन्हा खरखर. गाडीला मुळापासून असलेली एक गंमत मात्र सत्यवतीला आवडायची. वळायच्या बाजूला दाराच्या खांबातून एक पिवळा दांडा टपकन बाहेर यायचा, आत दिवा लागलेला. वाड्यातले लोक त्याला गाडीचे कान म्हणत.

गाडी दुरुस्त करायची तर गुरुदासला मदतीला माणूस लागे. तो बॉनेटमध्ये डोके घालून असायचा आणि सत्यवती आत बसायची, पदर खोचून. "दाब," तो ओरडायचा. "सोड. आता वायच रेस दी." ती दाबायची, सोडायची. माडाखालच्या खोपीतून गाडी बाहेर काढून अंगणात आणणे, पुन्हा आत घालणे, हेही हळूहळू तीच करू लागली. त्यात तिला विशेष काही वाटत नसे. पाटा-वरवंटा फिरवावा तसे ते एक घरातले काम.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षी, मिरगाला अजून अवकाश होता, तेव्हा बांद्याचा एक माणूस निरोप घेऊन आला. यशोदा विहिरीकडे घसरून पडली, कमरेला मार बसला, आता खाटेवर आहे. "बहिणीक सांग म्हणाली, माका आता येवूक जमाचा नाय."

सत्यवतीने चुलीवरची भाकरी उतरवली आणि तव्यावर पाणी मारले. "गाडी काढा," ती म्हणाली. "ओकत ओकत येतंय, पण येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघे निघाली. यशोदाला आवडतात म्हणून शेव-गुळाचे खटखटे लाडू डब्यात भरून घेतले होते. कट्ट्याला एकदा थांबावे लागले, कसालला एकदा. ओरोस मागे पडले आणि चढ संपतो तिथे सत्यवती दार उघडून उतरली ती रस्त्याकडेला आडवीच झाली. गुरुदासने इंजिन बंद केले, तिच्या डोक्यावर पाणी थापले आणि तिला आराम पडावा म्हणून रेडिओ लावून ठेवला.

बऱ्याच वेळाने ती उठून बसली. गुरुदासने स्टार्टर मारला. तो एकदा कण्हला आणि गप्प झाला. रेडिओने सगळी बॅटरी पिऊन टाकली होती.

"ह्या तुमच्या गाण्यान केला," ती म्हणाली.

"हँडल आसा मां," म्हणत गुरुदासने पुढून हँडल घातले आणि जोर लावला. इंजिनाने उलटा झटका दिला. हँडल गर्रकन मागे फिरले, त्याच्या उजव्या मनगटावर बसले, आणि तो हात पोटाशी धरून खाली बसला. सत्यवती धावली. मनगट डोळ्यांदेखत फुगत होते.

"एसटी येतली," तो दातओठ खात म्हणाला. "तिच्यात बसूया."

"एसटीत माका घातलास तर थंय पोचासर माजाच मढा होतला." तिने पदराची पट्टी फाडून त्याचा हात गळ्यात बांधला आणि पुढे पाहिले. गाडी चढाच्या माथ्यावर होती. पुढे लांबवर उतार. "उतारावरून चालू होयत?"

गुरुदासने तिच्याकडे पाहिले. "होयत. तू हयसर बस. नुसती चालू करून दी, मगे मी घेतंय."

ती चाकामागे बसली. तो शेजारी बसला आणि डाव्या हाताने आडवे होऊन त्याने गियर घातला. तिने ब्रेक सोडला. गाडी आधी आळसावून, मग भराभर उतरू लागली. "आता सोड," तो म्हणाला. तिने पाय उचलला, गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन खडखडून जागे झाले. उताराखाली तिने गाडी थांबवली, इंजिन बंद पडू न देता, अंगणात थांबवायची तशीच.

गुरुदास फेरा घालून तिच्या बाजूला आला, चाकाला हात लावला, पण बोटे मिटेनात. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"जावा, थंय बसा," सत्यवती म्हणाली.

"आणि?"

"आणि काय? गियर तुमी घाला. दाब-सोड माका येता."

"तुका लायसन नाय."

"तुमका हात नाय."

गुरुदास पुन्हा फेरा घालून पलीकडे जाऊन बसला.

अशी ती दोघे निघाली. ती क्लच दाबायची, तो डाव्या हाताने गियर घालायचा. पहिले काही वेळा खर्रर्र आवाज झाला, मग दोघांचा मेळ बसला आणि "दाब" म्हणायचीही गरज उरली नाही. समोरून लाकडांनी भरलेला ट्रक आला. गुरुदासने डोळे मिटून घेतले. सत्यवतीने गाडी कडेच्या गवतात उतरवली, ट्रक जाऊ दिला आणि पुन्हा रस्त्यावर घेतली. डोळे उघडल्यावर त्याने मागे वळून ट्रक गेला ते पाहिले आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसले.

कुडाळात गर्दीतून वळायचे आले. हात बाहेर काढून दाखवायला सत्यवतीची छाती होईना, दोन्ही हातांनी तिने चाक घट्ट धरलेले. गुरुदासने खटका ओढला. कान टपकन बाहेर आला. कोपऱ्यावरच्या माणसांनी आधी कानाकडे पाहिले, मग चाकामागच्या लुगड्याकडे, आणि बाजूला होऊन वाट दिली.

कुडाळ मागे पडले तेव्हा सत्यवतीला पोटात काहीतरी जाणवले. ती घाबरली. लक्ष देऊन पाहिले तर ते नेहमीचे ढवळणे नव्हते. तिला भूक लागली होती. मोटारीत भूक हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता.

"डब्यातलो एक लाडू काढा," ती म्हणाली.

"कोणाक?"

"माका."

गुरुदासने एका हाताने डबा मांडीवर दाबून उघडला आणि लाडू तिच्या तोंडाजवळ धरला. तिने रस्त्यावरची नजर न काढता घास घेतला आणि चावू लागली. तो तिच्याकडे बघतच राहिला, इतका की पुढच्या चढाला गियर घालायचेही विसरला.

सावंतवाडीत डॉक्टरांनी मनगट बसवून प्लास्टर घातले. "या हाताने इथवर गाडी आणलीत?" त्यांनी विचारले.

"मी नाही, हिने आणली," गुरुदास म्हणाला. बोलताना त्याची मान नकळत ताठ झाली होती.

बांद्याला पोचली तेव्हा उन्हे कलली होती. यशोदा ओटीवर खाटेला टेकून बसली होती. गाडीतून कोण कुठल्या बाजूने उतरले ते तिने नीट पाहून घेतले. सत्यवती पायरी चढून गेली आणि तिच्या कुशीत डोके घालून बसली. यशोदाने तिच्या केसांवरची धूळ झाडली.

"गाडी लागूक नाय तुका?"

"चालवतल्याक लागणा नाय गो."

"मगे इतक्या वर्सांत ह्या कोणी सांगूक कसां नाय?"

"कोण सांगतलो? एसटीचो ड्रायव्हर माका आपल्या जाग्यार बसूक देतलो?"

यशोदा हसली आणि कमर दुखली म्हणून कळवळली, आणि पुन्हा हसली.

गुरुदास मात्र संध्याकाळभर जरा हिरमुसला होता. परसात पेरूखाली बसलेल्या त्याच्याजवळ सत्यवती चहा घेऊन गेली. "मी सिंगापूर-एडनसून काय काय हाडलंय," तो म्हणाला, "आणि व्हयी होती नुसती जागा बदलूक."

"गाडी हाडलास म्हणान जागा बदलूक गावली," ती म्हणाली. "पंखो काढा, पडदे काढा. रेडिओ घरात लावा, जेवान करताना आयकान. कान ऱ्हवांदे. आणि माका दोन वस्तू व्हयेत."

त्याने मान वर केली.

"पाटीक एक घट्ट उशी, पाय नीट पोचनत नाय. आणि भायर एक आरसो. मागसून कोण येता ता माका दिसाक व्हया."

"आरसो कसलो, गोल की लांबट?" गुरुदासने विचारले आणि चहा एका घोटात संपवला.

पावसाळा सरल्यावर सत्यवतीने लायसन काढले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला गाडी मागे घ्यायला सांगितली आणि खोपीत गाडी घालायची सवय कामाला आली. यशोदा तोवर काठी घेऊन चालू लागली होती. दिवाळीनंतरच्या खेपेला सत्यवतीने विचारले, "खंय जावया सांग."

यशोदाने हात करून दाखवले. बांद्यापासून गोव्यातले पेडणे ते काय दूर, पण इतकी वर्षे तो परमुलूख होता. तिथल्या देवीचे दर्शन तिने लहानपणी आईबरोबर घेतले होते, मग हद्दीवरचा नाका बंद झाला तो झालाच.

यशोदाला पुढे बसवले. गुरुदास मागे बसला आणि गियर बदलताना एकदोनदा त्याचा हात उगाच पुढे आला. पत्रादेवीला नाक्याची चौकी रिकामी होती. सत्यवतीने तरीही गाडी हळू केली. यशोदाने काच खाली घेऊन चौकीकडे पाहिले, मग पलीकडच्या भाताच्या कापलेल्या मळ्यांकडे.

"आपल्यासारखीच जमीन गो ही," ती म्हणाली.

"मगे काय," म्हणत सत्यवतीने गाडी पुढे घेतली.