डेकखालचा सरपंच

चारुताचा नवरा अरुण ऑक्टोबरमध्ये गेला. नोव्हेंबर संपता संपता अमेरिकेतल्या त्यांच्या डब्लिन गावात पहिला बर्फ पडला. त्या सकाळी चारुताने पडदा सरकवला, तर मागच्या लाकडी डेकवर तीन मांजरं काचेकडे तोंड करून बसली होती.

ती अरुणची मांजरं. म्हणजे तशी कुणाचीच नव्हेत. घरामागच्या ओढ्याकाठी वाढलेली, माणसाचा हात सहन न करणारी. जन्मभर पुलांची डिझाइन्स केलेला अरुण रिटायर झाला आणि त्यांना खाऊ घालू लागला. एका संस्थेकडून पिंजरे आणून त्याने त्यांची नसबंदी करून घेतली होती. खूण म्हणून प्रत्येकाच्या कानाचं टोक कापलेलं. त्यातल्या थोराड राखाडी बोक्याला तो ‘सरपंच’ म्हणायचा. चारुताला हा उद्योग कधीच पसंत नव्हता. ती भूलतज्ज्ञ, हॉस्पिटलच्या स्वच्छतेत आयुष्य काढलेल्या तिला त्या मांजरांत पिसवा आणि जंतूच दिसायचे.

त्या दिवशी तिने पडदा पुन्हा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी मांजरं तिथेच होती. त्याच्या पुढच्या दिवशी तिने गराजमधली मांजरांच्या खाण्याची पिशवी शोधून काढली.

“आई, विंटरभर तू इकडे ये ना,” उर्वी शिकागोहून फोनवर म्हणाली. “एकटी नको राहूस.”

“आणि या मांजरांना खायला कोण घालणार?”

“तुला तर ती आवडत पण नाहीत.”

“नाही आवडत,” चारुता म्हणाली.

गराजमध्ये अरुणने बनवलेली मांजरांची घरं होती. प्लास्टिकचे मोठे डबे, आतून थर्माकोल, पुढे गोल भोक. थंडी वाढली तशी चारुताने ती डेकखाली मांडली आणि आत अरुणचे जुने लोकरी स्वेटर अंथरले. तेवढ्यासाठी तिने त्याचं कपाट पहिल्यांदा उघडलं. काही दिवसांनी वाकून पाहिलं, तर डबे रिकामे आणि मांजरं बाहेर एकमेकांना चिकटून बसलेली. आत हात घातला तर स्वेटर ओले होऊन लाकडासारखे गोठले होते. मग तिने इंटरनेटवर वाचलं. कापड ओल धरतं, डब्यात पेंढा घालायचा असतो. अरुणला हे नक्की माहीत असणार. तिने त्याला कधी विचारलं नव्हतं.

गोठलेले स्वेटर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढावे लागले. हॉस्पिटलमध्ये तो घालायचा त्या निळ्या स्वेटरची बाही फाटून हातात आली. ती बाही हातात धरून चारुता बर्फात गुडघ्यांवर बसली आणि रडली. अंत्यविधीच्या वेळीही ती रडली नव्हती. मग उठून तिने गाडी काढली आणि गावाबाहेरच्या शेतीसामानाच्या दुकानातून पेंढ्याचा भारा घेऊन आली. संध्याकाळपर्यंत तिन्ही मांजरं डब्यांत शिरली होती.

जानेवारीत थंडीने कहर केला. चारुता बर्फ उपसायची, गोठलेलं पाणी बदलायची, खाणं ठेवून आत यायची. ती काचेमागे गेल्याशिवाय मांजरं पुढे येत नसत. दिवसाला तेवढा एक कार्यक्रम होता आणि त्यावर दिवस ढकलता येत होता.

मग सरपंच खाईनासा झाला. यायचा, खाणं हुंगायचा, तोंडातून लाळ गाळत परत जायचा. चारुताने पिंजऱ्यात ट्यूना मासा ठेवून त्याला पकडलं. दार पडल्यावर तो असा धडका देऊ लागला की त्याचं नाक रक्ताळलं. तिने पिंजऱ्यावर चादर टाकली आणि त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर तरुण होती. तपासण्या झाल्यावर तिने चारुताला बाजूला नेलं. “याच्या किडन्या गेल्यात. तोंडभर जखमा आहेत. दात काढून, सलाईनवर ठेवून काही आठवडे मिळतीलही. पण हा रानटी आहे. माणसांत, पिंजऱ्यात ते दिवस त्याला फार जड जातील. माझा असता तर मी आज त्याला शांतपणे जाऊ दिलं असतं.”

हा आवाज चारुताच्या ओळखीचा होता. ऑगस्टमध्ये अरुणच्या कॅन्सरचे डॉक्टर असेच हळू बोलले होते. तेव्हा अरुणने त्यांच्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं होतं. “घरी बसू या का आता, चारू? डेकवर?” आणि ती म्हणाली होती, “केमोची अजून एक सायकल घेऊ. रिपोर्ट इतके काही वाईट नाहीत.” रिपोर्ट वाईट होते. तिला ते वाचता येत होते. त्यानंतर अरुण घरी असा आलाच नाही. हॉस्पिटलच्या ज्या खोलीत तो गेला, तिच्या खिडकीतून पार्किंग दिसायचं.

हे सगळं तिला आठवत होतं. तरीही ती म्हणाली, “करून बघू या.”

ती रोज दवाखान्यात जायची. सरपंच पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला असे. सुरुवातीला हात जवळ गेला की फिस्कारायचा. मग फिस्कारेनासा झाला. एकदा तर तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तरी तो हलला नाही. तिला ते बरं वाटलं नाही. पण आता थांबा, असं ती कुणाला म्हणालीही नाही.

एका सकाळी फोन आला. कर्मचारी कामावर आले तेव्हा तो गेलेला होता.

शनिवारी उर्वी गाडी चालवत आली. चारुताने तिच्यासाठी मऊ भात केला. जेवता जेवता चारुता एकदम म्हणाली, “मी त्याला थांबू दिलं नाही.”

त्याला म्हणजे बोक्याला का, असं उर्वीने विचारलं नाही. “नाही दिलंस,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबाला माहीत होतं पण, उपयोग होणार नाही ते. मी त्याला म्हटलं होतं, तू सरळ नो म्हण. तो म्हणाला, आईला ट्राय करू दे. नाहीतर ती स्वतःला फर्गिव्ह करणार नाही.”

“चुकला तो,” चारुता म्हणाली. “तसंही माफ नाहीच केलं मी स्वतःला.” मग तिने विचारलं, “तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू ऐकलं असतंस?”

चारुताने खरंच विचार केला. “नाही.”

“तरी मी सांगायला हवं होतं,” उर्वी म्हणाली आणि ताटात बघत राहिली. चारुताने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. भात गार झाला.

दुपारी उर्वीने खाणं बाहेर नेलं. तिला बघताच मांजरं ओढ्याकडे पळाली.

“आत ये,” चारुता म्हणाली. “आपण बाहेर असलो की ती येत नाहीत.”

दोघी काचेमागे उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने एक काळं मांजर डेकच्या कडेने आलं, इकडेतिकडे बघून घाईघाईने खाऊ लागलं.

“याचं नाव काय?” उर्वीने विचारलं.

“माहीत नाही. अरुण सांगायचा. मी कधी लक्ष दिलं नाही.”

“मग आपण ठेवू या का एखादं?”

“नको,” चारुता म्हणाली. “त्याला नाव आहे. आपल्याला माहीत नाही, एवढंच.”