लिंबाची साल

मेसच्या दारात पोचलं की वाफ तोंडावर यायची आणि ठमीचे पाय तिथेच अडायचे. भाताची, डाळीची, नुसत्या उकडलेल्या बटाट्याची वाफ. कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं अशी. तिला मात्र वाटायचं, आता आतल्या खोलीतून कुणीतरी उठून मोरीकडे धावणार.

ठमी हे तिचं घरातलं नाव. त्या घरात गेलं वर्षभर कुणी गरम जेवलं नव्हतं. आईची औषधं सुरू झाली आणि तिला अन्नाचा वासच सोसेना. मग स्वयंपाकघराचं दार लावून, खालच्या फटीत टॉवेल कोंबून स्वयंपाक व्हायचा. पातेली गॅलरीत गार व्हायची आणि बापलेक तिथेच उभ्या उभ्या, चोरून खाल्ल्यासारखे चार घास उरकायचे. आतून आई विचारायची, जेवलात का रे दोघं? दोघं एका सुरात सांगायचे, पोटभर. मग ते तिला विचारायचे, सूप प्यायलीस का? तीही सांगायची, सगळं. तिच्या खिडकीतल्या कुंडीतलं रोप का मेलं ते त्यांना पुढे कळलं.

आई उन्हाळ्यात गेली. कॉलेज उघडलं तशी ठमी हॉस्टेलवर आली आणि बाबा घरी एकटे राहिले.

खोलीत ती पाव खायची, बिस्किटं खायची, केळी खायची. सगळं गार, सगळं बिनवासाचं, खिडकी उघडी टाकून. खोलीतल्या दुसऱ्या मुलीला सगळं हॉस्टेल ‘रेडिओ’ म्हणायचं, कारण ती झोपेतच काय ती बंद व्हायची. रेडिओने पहिले काही दिवस चेष्टा केली की कोपऱ्यात पुड्या कुरतडणारा उंदीर आहे का माणूस आहे ते एकदा कळू दे. मग प्रयोगशाळेत ठमीच्या हातातून काचेची नळी निसटली आणि फुटली, तेव्हापासून तिने चेष्टा सोडली. ती ठमीला ओढून मेसच्या दारापर्यंत न्यायची. तिथून ठमी काहीतरी निमित्त काढून परत फिरायची.

बाबांचा फोन संध्याकाळी यायचा. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचे; आयुष्यभर अर्ध्या केसाच्या हिशेबाने काम केलेला माणूस. ‘जेवलीस का’वर त्यांचं भागायचं नाही. काय जेवलीस, हे हवं असायचं.

पहिल्या दिवशी ती गडबडली आणि तोंडाला आलं ते बोलून गेली, कोबी होता. बाबांनी विचारलं, पाणी घालून शिजवलेला की नुसत्या वाफेवर? ती म्हणाली, वाफेवर, झाकणावर पाणी ठेवून. दुसऱ्या दिवशी तिने अंडी सांगितली, कांदा वेगळा तळून वरून घातलेली. एकदा खोटं सुरू झालं की त्याला रोज नवीन भाजी लागते. ठमीला भाज्या सुचायला त्रास होत नव्हता. डोळे मिटले की ओट्याशी उभी असलेली आई दिसायची आणि ती जे करायची ते ठमी फोनवर सांगायची. बाबांचे प्रश्न वाढत गेले. वाटाणे अख्खे की ठेचलेले? तिला वाटायचं, पकडायला बघतायत. मग ती आणखी बारकाईने सांगायची, म्हणजे संशय नको.

भोपळ्याच्या दिवशी ती म्हणाली, “आणि शेवटी वरून लिंबाची साल किसून घालतात.”

साल कशी किसतात ते बाबांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “बरं. छान करतात म्हणायचे.”

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला की ते निघालेत. दुकानाला सुट्टी आहे, दुपारी तिच्याबरोबर तिच्या मेसमध्येच जेवतील.

ठमीने सांगून पाहिलं की मेसमध्ये पाहुणे चालत नाहीत. रेडिओ शेजारीच होती. तिने फोनच्या दिशेने तोंड करून सांगितलं, चालतात हो काका, खुशाल या. फोन ठेवल्यावर ठमी तिच्यावर उखडली. रेडिओ शांतपणे म्हणाली, “तुला काय व्हायचं ते होऊ दे, पण कुणाला तरी कळू दे.”

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी. शर्ट गळ्याशी सैल झाला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं, लेकीने त्यांच्याकडे, आणि दोघांनी एकदमच विचारलं, प्रवास कसा झाला, अभ्यास कसा चाललाय.

मेसच्या दारात वाफ होतीच. बाबा पुढे होते, त्यामुळे तिला थांबता आलं नाही. श्वास रोखून ती आत शिरली. वाढणाऱ्या काकांनी तिच्या ताटात भात टाकला, पातळ डाळ टाकली, फिकट पिवळ्या पाण्यातले बटाटे टाकले आणि विचारलं, “नवीन का? कधी पाहिलं नाही तुला.”

कॉलेज सुरू होऊन चांगले दोन महिने झाले होते. बाबांनी ते ऐकलं. ते ताट घेऊन भिंतीजवळच्या टेबलाशी बसले आणि बटाट्याकडे एकटक पाहत राहिले.

“बाबा,” ती म्हणाली, “इथे तसलं काही करत नाहीत.”

“हो.”

“मी इथे जेवतच नाही.”

“हो गं. साल म्हणालीस तेव्हाच कळलं होतं.” त्यांनी चमचा पुसला, उजेडात धरून पाहिला. भिंगही ते असंच धरायचे. “जगातली कुठली मेस भोपळ्यावर लिंबाची साल किसेल? तरी वाटलं, असेलही. असेल कुणाच्या तरी हाताला तुझ्या आईसारखी चव. जाऊन एकदा खाऊन यावं.”

ठमीला ताट दिसेनासं झालं. बाबांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून तिच्यापुढे सरकवला. भोपळा होता. ती फोनवर सांगायची ते बाबा रोज घरी करून बघत होते, म्हणाले; ती तिकडे जेवतेय तेच आपण इकडे जेवू म्हणजे एकटं वाटत नाही. पण एकही धड जमलं नव्हतं. अर्धं अन्न शेजारच्यांच्या कुत्र्याने खाल्लं. आता तोही बाबांना पाहिलं की दुसऱ्या फाटकाने जायचा.

“काय चुकतंय ते सांग,” ते म्हणाले. “तुलाच माहीत आहे. मी नुसता खायचो, कधी पाहिलंच नाही.”

“गार झालाय.”

“गारच खा. तुला गारच लागतं ना आता? मलाही लागतं. काल गॅलरीत उभा राहून जेवलो. घरात कुणी नाही, तरी.”

ती डब्याकडे बघत बसली. मग उठली आणि डबा घेऊन वाढणाऱ्या काकांकडे गेली. जरा गरम करून द्याल का, म्हणाली. त्यांनी तो तसाच डाळीच्या मोठ्या पातेल्यात टेकवून ठेवला. ती तिथेच उभी राहिली, वाफेत. पलीकडे कुणी धावलं नाही. मुली ताटं वाजवत होत्या, रेडिओ लांबच्या टेबलावर बोलत होती.

डबा घेऊन टेबलाशी परत आल्यावर ठमीने भोपळ्याचा एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला ती उठून बेसिनशी गेली, नळ सोडून उभी राहिली, तोंडावर पाणी मारून परत आली. बाबा चमचा धरून तसेच थांबले होते.

“कडू झालाय,” ती म्हणाली.

“ते मलाही कळतं. का?”

“साल पार आतपर्यंत किसलीत. नुसतं वरचं पिवळं घ्यायचं, पांढरं लागलं की कडू होतं. आई अगदी हलक्या हाताने किसायची.”

बाबांनी अंगठा आणि बोट जवळ आणून मधे एवढीशी फट ठेवली. “एवढं?”

“त्याहून कमी.”

त्यांनी फट आणखी कमी केली आणि बोटं तशीच धरून तिला दाखवली. ठमीने मान हलवली आणि चौथा घास घेतला.