गाठोड्यातून गाळलेलं बाथरूम

मित्रांनो, मी एक जुनी मेथड आहे, म्हणजे प्रोग्रामचा एक छोटासा तुकडा. इस्पितळाच्या संगणकात राहणारी, जेमतेम बारा ओळींची. रुग्णानं बोलावलं की सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर ती हाक लिहायची, एवढंच माझं काम.

मला ना डोळे, ना कान. माझ्या नावापुढच्या कंसात जे ठेवतील तेवढंच माझं जग. त्याला आर्ग्युमेंट म्हणतात. भांडण नव्हे हो, हातात दिलेली वस्तू! मला लिहिणाऱ्या प्रोग्रामर बाई मोठ्या मनाच्या. त्या माझ्या हातात अख्खा इव्हेंट द्यायच्या, म्हणजे घडलेल्या गोष्टीचं गाठोडंच. कोणी बोलावलं, किती वाजता, खाटेवरच्या बटणानं की बाथरूममधल्या दोरीनं, सगळं त्यात. मी गाठोडं सोडून वाचायचे आणि नीट लिहायचे. आठ वर्षांत एक हाक चुकली नाही. कौतुक मात्र पडद्याचं व्हायचं. चालायचंच.

बाई नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना टापटिपीचं भारी वेड. खाटेचा नंबर कळला की झालं, हिला एवढं ओझं कशाला, असं म्हणून त्यांनी माझ्या कंसात नुसता नंबर ठेवला. मलाही हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी सात नंबर आला. मी ‘खाट सात’ लिहिलं. सिस्टर धावत गेल्या, तर खाट रिकामी. आजोबा फिरायला गेले असतील, जाताना बटणाला धक्का लागला असेल, असं समजून त्यांनी हाक पुसली. आजोबा बाथरूममध्ये पडले होते. पडता पडता त्यांनी दोरी ओढली होती. पुन्हा ओढायला हात पुरेना. पंचवीस मिनिटांनी त्यांची लेक भेटायला आली, तेव्हा सापडले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

बाथरूममध्ये का पाहिलं नाही, असं साहेबांनी सिस्टरांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही मला खाट सांगितलीत. माणूस कुठं आहे, ते नाही सांगितलंत.”

त्याच दिवशी साहेबांनी माझं गाठोडं परत दिलं आणि ही सगळी हकिकत माझ्या डोक्यावर टीप म्हणून लिहून ठेवली. म्हणून तर मला कळली. आजोबा आता काठीशिवाय चालत नाहीत. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मी पडले सांगकामी. तुम्ही तरी कुणाचा निरोप पोचवताना त्यातलं काही जास्तीचं म्हणून गाळू नका. साहेबांच्या टिपेची शेवटची ओळ अशी आहे: ‘सिस्टरांची चूक नाही. बाथरूम मी गाळलं.’